वांग्यातील अळी आणि शिवाराची जबाबदारी

वांग्याच्या फळावर ठळकपणे दिसणारे गोल भोक ही अळी आत शिरल्याची खूण समजली जाते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याची खूण असते. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी अत्यंत बारीक असते, ती कोवळ्या फळात, बहुधा निदलपुंजाच्या म्हणजे देठाकडच्या हिरव्या टोपीच्या आडोशाने शिरते आणि फळ वाढत जाते तसे तिने पाडलेले छिद्र भरून येते, त्यामुळे वरून निरोगी दिसणारे वांगे आतून विष्ठेने भरलेले असू शकते. पूर्ण वाढ झालेली अळी कोषावस्थेत जाण्यासाठी फळ पोखरून बाहेर पडते आणि त्या वेळी पडलेले मोठे भोक मात्र बुजत नाही. म्हणजे तोड्याच्या दिवशी किडकी फळे पाहून जो शेतकरी संध्याकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेतो, त्याला दिसलेले नुकसान ज्या अळीने केले, ती तोवर जमिनीवरच्या पालापाचोळ्यात कोष विणून बसलेली असते, आणि जी अळी पुढच्या तोड्याचे नुकसान करणार असते ती फळाच्या गरात सुरक्षित असते. फवारलेले औषध या दोघींपैकी कोणापर्यंतही पोहोचत नाही. वांग्यातील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीविषयीची जवळजवळ सगळी गुंतागुंत या एका विसंगतीत आहे, आणि ‘कोणते औषध मारावे’ हा रोज विचारला जाणारा प्रश्न त्यामुळेच अपुरा ठरतो. अळी केव्हा उघड्यावर असते आणि तिचा पतंग कोणाच्या शेतातून येतो, हे दोन प्रश्न त्याच्या आधी विचारायला हवेत. पहिल्याचे उत्तर कीटकशास्त्र देते. दुसऱ्याचे उत्तर एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही, ते संपूर्ण शिवाराने मिळून द्यावे लागते.

या किडीचे शास्त्रीय नाव ल्यूसिनोडेस ऑर्बोनॅलिस. तिचा पतंग लहान, पांढरट पंखांचा असून पंखांवर तपकिरी व गुलाबीसर छटेचे ठिपके असतात. तो निशाचर असल्यामुळे आणि दिवसा पानांच्या आड बसून राहत असल्यामुळे शेतकऱ्याच्या नजरेस क्वचितच पडतो. मादी रात्री पानांच्या खालच्या बाजूस, कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर, बहुधा एकेक करून दुधी रंगाची अंडी घालते आणि एक मादी आपल्या अल्प आयुष्यात शंभर-दोनशेपर्यंत अंडी घालू शकते. तापमानानुसार तीन ते सहा दिवसांत अंडी उबतात, आणि अळी बाहेर पडल्यावर काही तासांतच जवळच्या शेंड्यात किंवा फळात शिरते. त्यानंतरचे साधारण दोन ते तीन आठवडे, म्हणजे खाण्याचा आणि नुकसान करण्याचा जवळजवळ सगळा काळ, ती झाडाच्या आतच काढते. वाढ पूर्ण झाल्यावर ही गुलाबीसर, तपकिरी डोक्याची, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची अळी बाहेर येते, पडलेल्या पानांत, खोडाच्या बुंध्याशी किंवा मातीच्या वरच्या थरात रेशमी कोष करते आणि आठवड्या-दीड आठवड्याने त्यातून नवा पतंग निघतो. उबदार हवेत हे सारे चक्र महिन्याभराच्या आसपास पुरे होते आणि वांग्याचे पीक शेतात अनेक महिने उभे राहते, त्यामुळे एका हंगामात या किडीच्या एकामागून एक पिढ्या त्याच झाडांवर वाढतात.

या जीवनक्रमात अळी फवाऱ्याच्या टप्प्यात येते ती अंडे फुटल्यापासून आत शिरेपर्यंतच्या काही तासांतच. सगळ्या माद्या एकाच रात्री अंडी घालत असत्या, तर ही वेळ साधून एखादी फवारणी परिणामकारक ठरली असती. पण पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि अंडी रोज थोडीथोडी घातली जातात, त्यामुळे ते काही तास रोज कोणत्या ना कोणत्या अळीच्या वाट्याला येतात. रोज उघडणारी ही खिडकी औषधाने झाकायची तर औषधही जवळजवळ रोज मारावे लागेल. हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. बांगलादेशातील जेसोर भागात एका हंगामात शंभराहून अधिक फवारण्या करणारे वांगी उत्पादक आढळल्याची नोंद संशोधकांनी केली आहे, आणि एवढे करूनही कीड तिथून हटली नव्हती. महाराष्ट्रातील फवारण्यांची संख्या इतकी नसली तरी विचाराची दिशा तीच आहे: ठरावीक दिवसांनी, पीक न पाहता, दुकानदाराने दिलेले औषध मारणे. फवारणीचे वेळापत्रक हे अज्ञानावरचे पांघरूण आहे, आणि त्याची किंमत परजीवी कीटक मोजतात, फवारणारा मजूर मोजतो, खाणाराही मोजतो. या अळीच्या शरीरावर वाढणारी ट्रॅथाला फ्लॅवोऑर्बिटॅलिस ही बारीक गांधीलमाशी वांग्याच्या शेतात नैसर्गिकरीत्या आढळते. ती आपले भक्ष्य शोधत झाडांवर उघडी फिरते, त्यामुळे आत लपलेल्या अळीच्या आधी तीच औषधाला बळी पडते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या वारंवार वापरानंतर लाल कोळी आणि पांढरी माशी उसळते, हाही याच साखळीचा पुढचा दुवा आहे.

ओळखीचा प्रश्न इथे व्यवस्थापनाच्या आधीची औपचारिकता म्हणून येत नाही. व्यवस्थापनाचा अर्धा भाग ओळखीतच आहे. रोप लावल्यानंतर काही आठवड्यांत, फळधारणा सुरू होण्यापूर्वी, अळी कोवळ्या शेंड्यात शिरते आणि आतला गाभा खाते, त्यामुळे तो शेंडा मलूल होऊन खाली झुकतो. पाणी भरपूर असताना, शेजारचे शेंडे ताठ असताना, एखादाच शेंडा मान टाकतो आणि त्याच्या खालच्या बाजूस बारीक छिद्र व त्यातून डोकावणारी विष्ठा दिसते, ही खात्रीची खूण. सगळे झाडच एकाएकी सुकले तर दोष मर रोगाचा किंवा खोड पोखरणाऱ्या निराळ्या किडीचा असण्याची शक्यता अधिक असते आणि त्यावर शेंडेअळीचे उपाय करणे व्यर्थ ठरते. दुपारच्या उन्हात सगळेच शेंडे थोडे ओघळतात, म्हणून ही पाहणी सकाळी करावी. झुकलेला शेंडा चाकूने उभा चिरून पाहिला तर अळी हाती लागते, आणि एकदा ती पाहिलेला माणूस पुन्हा फसत नाही. पुढे कळ्या गळणे, पानांच्या देठात व मधल्या शिरेत अळी शिरणे, अशीही लक्षणे दिसतात; परंतु फळे लागल्यावर मादी आणि अळी दोघींचा ओढा फळांकडे वळतो आणि शेंड्यांवरची स्पष्ट खूण कमी होत जाते. म्हणजे कीड स्वतःची सर्वात स्पष्ट ओळख अशा काळात देते, जेव्हा शेतकऱ्याला विकायला अजून एकही फळ नसते आणि म्हणून तिच्याकडे लक्ष देण्याची निकड त्याला वाटत नाही. ही संधी हुकते, आणि नंतरचे सारे उपाय महागडे व अर्धवट होतात.

झुकलेला शेंडा मलूल भागाच्या बोटभर खाली कापून काढणे आणि तो जाळणे किंवा खोल पुरणे हा उपाय इतका साधा आहे की त्याला उपाय म्हणायलाही काहींना संकोच वाटतो. पण त्याचे बळ जीवशास्त्रात आहे. कापलेल्या शेंड्यासोबत आतली अळी नक्की जाते, तिला प्रतिकारशक्ती विकसित करता येत नाही, मित्रकीटकांना इजा होत नाही आणि वांग्याचे झाड खालून नव्या फांद्या फोडत असल्यामुळे सुरुवातीच्या काळातील अशा छाटणीने उत्पादनात म्हणण्यासारखी घट येत नाही. पहिल्या पिढीतील एक मादी कमी झाली, तर महिन्याने शंभराच्या आसपास अंडी कमी होतात. हंगामाच्या सुरुवातीला केलेल्या तासाभराच्या कामाचे मोल शेवटच्या पंधरा फवारण्यांहून अधिक असते, ते या गुणाकारामुळे. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने या शतकाच्या आरंभी बांगलादेश, श्रीलंका आणि भारतात गुजरात व उत्तर प्रदेशातील संशोधन संस्थांबरोबर केलेल्या कामात हाच गाभा होता: जुन्या पिकाचे अवशेष वेळेत नष्ट करणे, शेंडे नियमित कापणे, कामगंध सापळे लावणे आणि मित्रकीटकांना वाव मिळावा म्हणून रासायनिक फवारण्या थांबवणे. यातील शेवटचा घटक सर्वात अवघड आहे, कारण त्यात काही न करण्याचे धैर्य लागते.

याच कामातून पुढे आलेली एक बाब विशेष विचार करण्याजोगी आहे. पीक संपल्यावर वांग्याची वाळलेली झाडे उपटून सरपणासाठी घराजवळ किंवा बांधावर रचून ठेवण्याची रीत दक्षिण आशियात सर्वत्र आहे, आणि त्या ढिगातील कोषांमधून निघालेले पतंग नव्या लागवडीवर जातात असे दिसून आले. तोड्याच्या वेळी बाजूला काढलेली किडकी फळे बांधावर फेकली जातात, तेव्हाही हेच घडते. फळ फेकले जाते, आतली अळी वाढ पूर्ण करून जवळच कोषात जाते. ज्याला कचरा समजले जाते तेच पुढच्या पिढीचे घर असते. आपल्याकडे बाजारभाव पडला की वांग्याचे शेत न तोडता तसेच सोडून दिले जाते किंवा पावसाळ्यात छाटून खोडवा घेतला जातो. सोडून दिलेले ते शेत आसपासच्या प्रत्येक नव्या लागवडीला पतंग पुरवत राहते. त्याच्या मालकाने एक रुपयाचेही औषध विकत घेतलेले नसते, पण त्याच्यामुळे शेजारी पाच शेतकऱ्यांचा औषधाचा खर्च वाढलेला असतो. या खर्चाची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही.

कामगंध सापळ्यांची कथा हाच मुद्दा आणखी ठसठशीत करते. मादीच्या शरीरातून नराला आकर्षित करण्यासाठी निघणाऱ्या गंधाची कृत्रिम नक्कल रबराच्या गोळीत भरून ती सापळ्यात टांगली जाते. वांग्याच्या अळीच्या गंधाचा मुख्य घटक १९८७ मध्ये चीनमधील संशोधकांनी ओळखला आणि त्याच्या जोडीच्या दुय्यम घटकाचे महत्त्व पुढे भारतातील पतंगांवर झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. हेक्टरी दहा-बारा सापळे लावले तर पतंग केव्हा वाढत आहेत एवढे कळते, आणि ही माहितीही मोलाची असते. नर मोठ्या प्रमाणावर पकडून कीड आटोक्यात आणायची तर सापळे साधारण दहा मीटरवर एक या हिशेबाने, म्हणजे हेक्टरी शंभराच्या आसपास लागतात. पण सापळ्यात सापडतो तो नर. शेजारच्या शेतात मिलन होऊन आलेल्या मादीला या सापळ्याशी काही देणेघेणे नसते. ती सापळ्याखालच्याच पानावर अंडी घालू शकते. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात, चारी बाजूंनी निष्काळजी शेते असताना, लावलेले सापळे भरतात आणि तरीही फळे किडतात, मग ‘सापळ्यांचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. निष्कर्ष चुकीचा आहे. सापळा ज्या प्रमाणावर वापरायचा होता त्या प्रमाणावर तो वापरलाच गेलेला नव्हता.

या किडीला एक मोठा दुबळेपणा आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. हरभरा, तूर, टोमॅटो, कापूस अशा शंभराहून अधिक वनस्पतींवर जगणाऱ्या घाटेअळीप्रमाणे तिला नाना यजमान वनस्पती नाहीत. बटाटा आणि काही रानटी सजातीय वनस्पतींवर ती कधीमधी आढळली तरी तिचा खरा आधार वांगे हाच आहे. एखाद्या शिवारात दोन-अडीच महिने वांग्याचे एकही उभे झाड, एकही ढीग, एकही सोडलेले शेत नसेल, तर महिन्याभराचे जीवनचक्र असलेल्या या किडीला तो खंड ओलांडणे फार कठीण जाईल. आज हा खंड कुठेच नसतो. खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही लागवडी एकाच गावात एकमेकींना लागून होतात आणि जुन्या शेतातून नव्या शेतात जाण्याचा अखंड पूल किडीला मिळतो. हा पूल कोणी जाणूनबुजून बांधलेला नाही. प्रत्येक जण आपल्या सोयीने, आपल्या पाण्याच्या आणि बाजाराच्या अंदाजाने लागवड करतो आणि सगळ्यांच्या सोयींची बेरीज किडीच्या पथ्यावर पडते.

याच दुबळेपणाची दुसरी बाजू जनुकबदल केलेल्या वांग्याच्या वादात दिसते. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जमिनीतील जिवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्यामुळे झाडाच्या पेशींतच क्राय १ एसी हे प्रथिन तयार होते, जे अळीच्या आतड्याला इजा करून तिला मारते. अळी आत असते, म्हणून औषधही आत असावे, हे निदान शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे आणि विरोधकांनीही ते मान्य करायला हवे. केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये या वाणाला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच्या लागवडीला अनिश्चित काळासाठी स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये याच तंत्रावर आधारलेल्या चार वाणांना परवानगी दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपे देऊन लागवड सुरू केली; तिथे या अळीसाठी होणाऱ्या फवारण्या लक्षणीय घटल्याचे अभ्यास सांगतात. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांच्यावर मात्र या प्रथिनाचा परिणाम होत नाही.

भारतात ही चर्चा अन्नसुरक्षितता, देशी वाणांची विविधता आणि कंपन्यांची मालकी या मुद्द्यांभोवती फिरली, आणि वांग्याच्या विविधतेचे हे मूळ क्षेत्र असल्याने ती तशी फिरणे गैर नव्हते. तरीही किडीच्या स्वभावातून निघणारा एक प्रश्न तिच्यात मागे पडला. जी अळी एकाच पिकावर जगते, तिच्यावर त्या पिकातील विषाचा दाब सर्व बाजूंनी येतो, कारण तिला विषाविना वाढण्यासाठी दुसरे पीक नसते. त्यामुळे विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या जगतात, आपसांत मिलन करतात आणि प्रतिकारक्षम पिढ्या तयार होतात. हे टाळण्यासाठी शेताच्या कडेने साध्या वाणाचा पट्टा, म्हणजे ‘रेफ्युजी’, लावावा लागतो, ज्यात वाढलेले संवेदनशील पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी मिलन करून तो गुण विरळ करतात. कापसाच्या बाबतीत बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जात होते आणि बहुतेक शेतकऱ्यांनी ते पेरलेच नाही. घाटेअळीला तूर, हरभऱ्यासारखा नैसर्गिक आसरा होता. कापसावरच भिस्त असलेल्या गुलाबी बोंडअळीला तो नव्हता, आणि प्रतिकारशक्ती आली ती गुलाबी बोंडअळीत. २०१७ च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्याने तिचे परिणाम भोगले. वांग्यातील अळी या बाबतीत गुलाबी बोंडअळीच्या वळणाची आहे. म्हणजे जनुकाचा मार्ग स्वीकारला तरी शेजाऱ्याने कडेचा पट्टा लावला की नाही, हा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. तंत्रज्ञान सामुदायिक शिस्तीची गरज संपवत नाही. ती फक्त पुढच्या हंगामांवर ढकलते, आणि शिस्त नसेल तर ते तंत्रज्ञानही वाया जाते. बीटी वांग्याचे समर्थक आणि विरोधक दोघांनीही या मुद्द्याला पुरेसे महत्त्व दिले नाही, असे म्हणावे लागते.

शेतकऱ्याला दोष देऊन हा विषय संपत नाही, कारण बाजाराची रचनाच त्याला फवारणीकडे ढकलते. अडतीवर क्रेटमधील फळ डोळ्यांनी पारखले जाते. भोक दिसते, औषधाचा अंश दिसत नाही. भोक असलेल्या फळाचा दर तिथल्या तिथे कापला जातो, अंश असलेल्या फळाला काहीही होत नाही, आणि शेंडे कापून, फवारण्या टाळून पिकवलेल्या फळाला एक पैसाही अधिक मिळत नाही. वांग्याचा तोडा चार-सहा दिवसांनी होतो. औषधाच्या लेबलवर फवारणी व काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यावेत हे छापलेले असते. वांग्यासाठी शिफारस असलेल्या औषधांपैकी इमामेक्टिन बेंझोएटसाठी ते तीन दिवस आहे, तर क्लोरँट्रानिलिप्रोलसाठी बावीस. दुसऱ्या औषधाची मुदत पाळायची तर मधले तीन ते पाच तोडे सोडून द्यावे लागतील, जे कोणताही भाजीपाला उत्पादक करू शकत नाही. तेव्हा असे औषध वापरायचेच असेल तर ते पहिला तोडा सुरू होण्यापूर्वी, शेंड्यांतील प्रादुर्भाव पाहणीत वाढलेला दिसल्यावर वापरावे आणि फळे सुरू झाल्यावर कमी मुदतीच्या औषधांपुरते, तेही गट बदलून, मर्यादित राहावे. पाच टक्के निंबोळी अर्काला इथे जागा आहे, कारण त्याने अंडी घालण्यात आणि खाण्यात अडथळा येतो, मात्र आत शिरलेल्या अळीवर तोही चालत नाही हे लक्षात ठेवायला हवे.

शेंडे कापण्याच्या आणि किडकी फळे गोळा करण्याच्या कामाची मजुरी हा खरा अडथळा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वांग्याची तोडणी बहुतांशी स्त्रिया करतात, त्यांना मजुरी तोडलेल्या मालावर किंवा दिवसावर मिळते, आणि झुकलेला शेंडा दिसला तरी तो कापणे त्यांच्या कामात धरलेले नसते. दर तोड्याला प्रत्येक झाडापाशी जाणारी व्यक्ती म्हणजे तीच स्त्री. शेतातील सर्वात नियमित कीड-सर्वेक्षण तिच्या डोळ्यांतून होत असते आणि त्याचा कोणीही उपयोग करून घेत नाही. तोडणीच्या पाटीसोबत कमरेला एक पिशवी, त्यात शेंडे व किडकी फळे, आणि त्या पिशवीची वेगळी मजुरी, एवढी तरतूद केली तर वेगळा मजूर लावावा लागत नाही. औषधावर होणाऱ्या खर्चाचा एक भाग इकडे वळवणे हिशेबात बसते, पण प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखताना बोलावले जाते ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला.

शिवाराच्या पातळीवर काम करण्यासाठी नवी यंत्रणा उभारावीच लागेल असे नाही. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि असे मानांकन उत्पादकांच्या संघटित गटाच्या नावाने घेतले जाते. म्हणजे ठरावीक भागात ठरावीक वाण पिकवणारे शेतकरी कागदावर तरी एका छताखाली आधीच आलेले असतात. भालोद, बामणोदसारख्या गावांतील मोठ्या हिरव्या वांग्याची ख्याती त्याच्या गरावर उभी आहे आणि अळी नेमका तोच गर खाते, त्यामुळे या गटाचे हित आणि कीडनियंत्रण यांच्यात अंतर नाही. लागवडीच्या तारखा काही आठवड्यांच्या आत बसवणे, पीक संपल्यावर दहा दिवसांत सर्वांची झाडे उपटून नष्ट झाली याची खातरजमा करणे, सापळे व गोळ्या एकत्र खरेदी करून सलग क्षेत्रावर लावणे आणि उन्हाळ्यात वांग्याविना किमान दोन महिने पाळणे, या चार अटी मानांकनाच्या वापराशी जोडता येतील, आणि त्या पाळणाऱ्या गटाच्या क्रेटवर तसा शिक्का मारता येईल. सुरुवात एका गावाच्या एका हंगामापासून करावी आणि त्या हंगामात प्रत्येक तोड्याच्या वेळी किडक्या फळांचे वजन वेगळे लिहून ठेवावे. तो आकडा आज बहुतेक शेतकऱ्यांकडे नसतो, आणि तो हाती आल्याशिवाय कोणती फवारणी उपयोगी पडली व कोणती वाया गेली हे गावाला ठरवता येणार नाही.